गाऱ्हाण्यात नूरआगा

शप्पथ घेऊन सांगते, आणि अशीतशी नाही, माझ्या दोन्ही डोळ्यांची शप्पथ, या प्रकरणातला शब्दन् शब्द खरा आहे! मागे मी सासऱ्यांची गोष्ट सांगितली, संपात ते मिलच्या चिमणीवर चढून तीन दिवस बसले होते ती, तेव्हा रमाकांत म्हणाला, "आई, त्या चिमणीला शिडीच नव्हती." नसेल. मी कुठे बघायला वर गेले होते. पण हे आता सांगते ते माझ्यासमोर, माझ्या घरात झालं, आणि तिथे होते त्यांच्यातले दोघं अजून माझ्याशी तोंड वाकडं करून बोलतात. आणखी कसला पुरावा पाहिजे?

एकवीस साल. गौरी-गणपतीच्या विसर्जनाचा दिवस. चिंचपोकळीची आमची खोली, दहा बाय बारा, वर पोटमाळा. कोरोनामुळे त्या वर्षी विसर्जनाला आधी वेळ घ्यायला लागत होती. रमाकांत, माझा मोठा, शेजारच्याच खोलीत राहतो आणि चाळीच्या पुनर्विकास कमिटीचा चेअरमन आहे. त्याने कृत्रिम तलावावरची साडेपाच ते सहाची वेळ मोबाईलवर घेतली होती, आणि सकाळपासून असा फिरत होता की मंगळावर यान सोडायचंय.

"साडेपाच म्हणजे साडेपाच. पाचला मूर्ती हलली पाहिजे. सव्वापाचला खाली."

"आणि पाच वाजून पाच मिनिटांनी काय करायचं?" मी विचारलं.

"आई, प्लीज."

बायको त्याची, दीपिका, नर्स. तिला सणाची सुट्टी कुठली, ती ड्युटीवर. त्यामुळे त्याला आवरणारं कुणी नव्हतं.

साडेतीनला हितू गॅलरीतून आत आला. हितेंद्र, माझा धाकटा. फोन हातात, तोंड उतरलेलं. महिनाभर त्याचं तोंड असंच होतं. पंधरा ऑगस्टपासून.

हितू पाच वर्षं अफगाणिस्तानात होता, अमेरिकन लोकांच्या तळावर. बंदूक घेऊन नाही, झारा घेऊन. दुबईच्या एका कंपनीमार्फत गेला होता, तीन हजार माणसांच्या मेसचा सुपरवायझर. तिथे त्याला तिथली भाषा येईना, तर नूरआगा म्हणून एक माणूस दिला. भाजीवाल्याशी, फाटकावरच्या पहारेकऱ्याशी, कसायाशी, सगळं बोलणं नूरआगाच्या तोंडून. चाळीत मी सांगते, की तळावर रॉकेट पडलं तेव्हा या नूरआगाने एका हातात हितूला उचललं, दुसऱ्या हातात उकळत्या डाळीचा टोप, आणि दोघांनाही न सांडता बाहेर आणलं. हितू म्हणतो, असं काही झालं नाही. तो म्हणतो, एका सकाळी नूरआगाने त्याला बाजाराच्या गाडीत चढू दिलं नाही. माझ्या पोटात दुखतंय, तू थांब, म्हणून खोटंच अडवून ठेवलं. ती गाडी परत आली नाही. शप्पथ घेतलीय, तेव्हा हितूचं खरं धरा. मला माझीच गोष्ट बरी वाटते. त्याच्या गोष्टीत गाडीत बसलेले दोघं येतात.

तर पंधरा ऑगस्टला तिकडचं सरकार पडलं, अमेरिकन गेले आणि नूरआगा मागे राहिला. तो, त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी. कुठे चुलतभावाकडे लपलेले.

"काका," हितू म्हणाला, "एक सही पाहिजे."

गुणाजी भावोजी खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. माझे धाकटे दीर. फौजेतून सुभेदार होऊन सुटले, भोईवाड्याला एकटेच राहतात, वय चौऱ्याहत्तर, पाठ अजून अशी ताठ की खुर्चीला टेकत नाही. आमचे हे गेले तेव्हापासून घरातला मोठा पुरुष तेच. आणि या खोलीची भाडेपावतीही त्यांच्याच नावावर. संपात आमच्या ह्यांचं काम गेलं, मालक म्हणाला सरकारी नोकरीवाल्याचं नाव घाला, घातलं. ते राहिलं.

"कसली सही?"

"नूरआगाच्या व्हिसासाठी. अर्ज भरून तयार आहे. पण एजंट म्हणतो, राहायला जागा देतो असं पत्र जोडा, पावती ज्याच्या नावावर त्याच्या सहीचं. आणि तुम्ही फौजी. तुमचा नंबर, रँक खाली आली तर वजन पडेल."

"असा एजंट म्हणतो."

"हो. आणि आजच पाठवायला लागेल. अर्ज पाठवायला लागतो तो कोड त्याच्या फोनवर येतो. संध्याकाळी ते लोक ते घर सोडतायत. पुढे नेट मिळेल न मिळेल."

भावोजींनी सुपारी तोंडात टाकली.

"नाही," ते म्हणाले.

बस्स. फौजेत नाहीला कारण जोडत नसावेत.

"काका, त्याच्यामुळे मी जिवंत आहे."

"तर त्याचे उपकार. फोन करून सांग त्याला."

"अरे, आपण कशाला पण?" रमाकांतने दारातून सुरुवात केली. "अमेरिकेने बघावं ना! वीस वर्षं बसले ते तिथे. तुझ्या त्या कंपनीने बघावं. आपण काय नेलंय तिथलं? काजू-बदाम?"

वरून पोटमाळ्यावरून आकांक्षाचं डोकं खाली आलं. रमाकांतची मुलगी, वकिलीला आहे, घरात शांतता नाही म्हणून माझ्या पोटमाळ्यावर अभ्यासाला बसते आणि खालचं सगळं ऐकते. माझी नात शोभते.

"पप्पा, अमेरिकेची लिस्ट होती. त्याच्यात तो नाही. तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. आणि कॉन्ट्रॅक्टर मेलला उत्तर देत नाही. हितूकाकाने अकरा मेल केलेत, मी ड्राफ्ट केलेत."

"तू अभ्यास करत होतीस ना?"

"हा अभ्यासच आहे."

"निघाले ते बरोबर निघाले," भावोजी एकदम म्हणाले. "परक्याच्या घरात वीस वर्षं? आम्हीपण निघालो होतो लंकेतून, नव्वद सालात. हुकूम आला, बिस्तरा बांधला, जहाजात बसलो. मागे बघायचं नाही. बघितलं की पाय जड होतात."

"निघू नका असं कोण म्हणतंय आजोबा? पण ज्यांना बरोबर घेऊन फिरलात त्यांचं काय?"

"तू फिरली होतीस?"

आकांक्षाचं डोकं वर गेलं. मग सगळीच शिडीवरून खाली आली. म्हणजे आता सोडणार नव्हती.

आता मेघनाकडे बघा. हितूची बायको. बँकेत आहे, बोलते कमी. ती गणपतीच्या पायाशी बसून शिळे हार उतरवत होती, आणि दोऱ्यातून फुलं अशी ओढत होती की मला फुलांची दया आली. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला सांगितलं नाही, पण तेरा वर्षं मी तिच्याबरोबर एका मोरीत भांडी घासलीत. मला कळतं.

"मला कुणी विचारलं का?" ती म्हणाली. हळूच.

"मेघू, तुला सांगणारच होतो..."

"कधी? त्यांच्या चपला दारात दिसल्यावर? तिकडे गेलास तेव्हाही तिकीट काढून आलास आणि मग सांगितलंस. पाच वर्षं मी या खोलीत टीव्ही म्यूट करून बातम्या वाचल्या, आईंना ऐकू जाऊ नये म्हणून. आता तीन माणसं आणतोस, ते मला काकांकडे सही मागताना कळतंय."

"म्हणजे तूपण नाही म्हणतेस?"

"मी काय म्हणते ते तू कुठे विचारलंयस अजून!"

झालं. हितू एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बाप्पा. रमाकांतला जरा जोर आला. "बघ. मेघनालाच नको आहे. विषय संपला."

"भाऊजी, माझ्या वतीने तुम्ही बोलू नका," मेघना म्हणाली.

"अगं, मी तुझ्याच बाजूने..."

"तेच नको."

रमाकांतने घड्याळाकडे बोट केलं. सव्वाचार. "हे बघा. आधी गाऱ्हाणं. मग आरती. मग भांडा. पाहिजे तर तलावापर्यंत भांडत या, मी पुढे चालतो."

गाऱ्हाणं कुणाला ठाऊक नसेल तर सांगते. आमच्यात घरातला मोठा देवासमोर उभा राहतो, एकेकाचं नाव घेतो, त्याच्यासाठी मागणं मागतो. एकेक मागणं झालं की बाकीच्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" मोठ्याचा आवाज खाली उतरला की ओरडायचं. काय मागितलं ते ऐकायला कोण थांबतं? पाळण्यातली पोरंसुद्धा बरोबर वेळेला हुंकार देतात आमच्यात.

भावोजींना हल्ली नावं आठवत नाहीत. म्हणून मी त्यांच्या मागे उभी राहून कानात नावं पुरवते. त्या दिवशीही तशीच उभी राहिले.

भावोजींनी हातात श्रीफळ घेतलं. त्या माणसाचा बोलायचा आवाज सुक्या पानासारखा, पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की गावाकडचा आवाज येतो. भाषाही तिकडची.

"बा देवा गणपती म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचो रमाकांत, चाळीच्या कामाक धावता, त्येका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा रमाकांत.

"आमची आकांक्षा, परीक्षेक बसतली, तिच्या जिभेक थोडी इश्रांती नि हाताक धार दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचो हितेंद्र, आमची मेघना, त्येंच्यात काय वाकडा जाला आसात ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग भावोजी थांबले. मी पुढे वाकले आणि त्यांच्या कानात म्हटलं, "नूरआगा."

"आनी आमचो नूरआगा," भावोजी म्हणाले, "त्येची बायको, त्येचा चेडू, खंयच्या डोंगरात आडाकले आसत, त्येंका सुखरूप ह्या घराक पोचव रे म्हाराजा! त्येंका आसरो देवक आमी सगळे तयार आसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खोली दणाणली. रमाकांतचा आवाज सगळ्यांच्या वर. वरच्या मजल्यावर आरती चालली होती, तीसुद्धा जरा अडखळली असेल.

आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"एक मिनिट," रमाकांत म्हणाला. "काय म्हणालात आता?"

"तू काय म्हणालास?" आकांक्षा.

"मी... ते नेहमीचं म्हटलं."

"व्हय म्हाराजा म्हणालात पप्पा. मी ऐकलं. चिंचपोकळी स्टेशनला ऐकू गेलं."

"काका, तुम्ही हे काय बोललात?"

भावोजी श्रीफळ धरून उभे. चेहरा भिंतीसारखा. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"वहिनींनी कानात घातलं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "घातलं."

"आई!" रमाकांतने कपाळाला हात लावला. "आई, हे असं करतात? देवासमोर? हा काय नाक्यावरचा खेळ आहे? तुला काय मजा वाटते सगळ्याची?"

"तू होय म्हणालास त्यात माझी काय चूक?"

"मला कळलं नाही म्हणून म्हणालो!"

"तेरा हजार वेळा न कळताच म्हणालायस. तेव्हा आंबा, फणस, प्रमोशन मिळालं ते गोड लागलं."

"ठीक आहे. ठीक आहे." रमाकांत कमिटीच्या आवाजात आला. "काका, परत घाला गाऱ्हाणं. तेवढा एक मुद्दा वगळून. म्हणा की मागच्यात नजरचुकीने एक नाव आलं, ते रद्द समजावं."

"गाऱ्हाणं म्हणजे तुझ्या मीटिंगचं इतिवृत्त आहे काय?" भावोजी गरजले. "एकदा घातलं की घातलं. परत घेत नाहीत."

"मग सही करा," हितू म्हणाला.

"सही करणार नाही."

"म्हणजे देवाला हो आणि आम्हाला नाही?"

"देवाला पत्र लागत नाही!"

मला सांगा, असल्या माणसांबरोबर मी बावन्न वर्षं कशी काढली असतील.

रमाकांत तेवढ्यात खाली बसला. त्याचा राग गेला की तो बसतो, आणि बसला की खरं बोलतो. "हितू, ऐक. पुढच्या महिन्यात सर्व्हे आहे. बिल्डरची माणसं खोली-खोलीत येणार. इथे बाहेरची तीन माणसं दिसली, ते म्हणणार, भाडेकरू घुसवले. चेअरमनच्याच घरात. अख्ख्या चाळीची फाईल अडेल. तळमजल्याच्या म्हाताऱ्या रात्री-बेरात्री काठी टेकत कॉमन संडासला जातात. त्यांना मी पण शब्द दिलाय. तो शब्द नाही का?"

हितू फोनकडे बघत राहिला.

तेव्हा मेघना उठली. हात धुतले, पदराला पुसले, आपला फोन काढला आणि पाटावर ठेवला, निर्माल्याच्या शेजारी. बटण दाबलं.

एका लहान मुलीचा आवाज आला. टीव्हीवर ऐकून शिकलेली हिंदी. "मेघना आंटी, आप के गणपती आ गये? वो लड्डू खाते हैं? मम्मी पूछती है, कितने खाते हैं?"

हितूने मान वर केली.

"ही कोण?" रमाकांत.

"मुर्सल. त्याची मुलगी. गेल्या आठवड्यातला आहे." मेघनाने फोन उचलला. "तळावर काही झालं की पहिले यांचे फोन बंद करायचे. दोन-दोन दिवस. तेव्हा नूरआगा घरी जाऊन स्वतःच्या फोनवरून मला फोन करायचा. भाभी, हितू ठीक है, खाना खाया. एवढंच. माझ्या नवऱ्यापेक्षा वेळेवर फोन करायचा तो."

हितू बघतच राहिला. "तू मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस? तुला वाटायचं मला बातम्या कळत नाहीत म्हणून मी शांत आहे." मग ती रमाकांतकडे वळली. "भाऊजी, तुमची फाईल अडू नये हे मलाही कळतं. पण त्यांना यायचं असेल तर मी पोटमाळा देईन. तिथे नाही जमलं तर खाली, माझ्या अंथरुणावर. आणि हितू, तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे. यातून तू सुटलेला नाहीस."

म्हणजे आता ती हितूच्या बाजूला आली, पण हितूशी भांडत भांडत. माझ्या दोन्ही सुनांमध्ये हीच मला जड जाते, आणि म्हणून हीच आवडते.

भावोजी मात्र उठून गॅलरीत गेले. आकांक्षा त्यांच्या मागे. मी दाराच्या मागे. कुणीतरी ऐकायला पाहिजे ना, नाहीतर तुम्हाला कोण सांगणार?

"आजोबा, प्रॉब्लेम काय आहे?"

"सापडला तर?" भावोजी कठड्याला धरून उभे होते. "रस्त्यात त्याचा फोन बघितला, त्यात हे पत्र निघालं, हिंदुस्थानी सुभेदाराच्या सहीचं, तर? जागच्या जागी मारतील. पोरीसकट. तुम्ही पोरं पत्र पत्र करता. पत्राने माणूस मरतो."

"हे तुम्ही आत का नाही बोललात?"

खाली पलीकडच्या चाळीचा गणपती निघाला होता, टाळ्या वाजवत, ढोल नाही.

"लंकेत एक मास्तर होता," भावोजी म्हणाले. "सेल्वम. शाळेत गणित शिकवायचा. आम्हाला वाटा दाखवायचा, कुठे सुरुंग पेरलेत ते सांगायचा. दीड वर्ष आमच्याबरोबर. आम्ही निघालो तेव्हा माझ्याकडे आला. म्हणाला, एक चिठ्ठी द्या, याने आमच्या पलटणीला मदत केली एवढी. मी दिली नाही. म्हटलं, तुझ्याकडे सापडली तर ते लोक तुला सोडणार नाहीत. तुझ्या भल्यासाठी देत नाही."

"मग वाचला तो?"

"माहीत नाही."

"मग भल्यासाठी होतं हे कशावरून?"

ही पोर वकील होणार. एवढ्या हळू आवाजात एवढं वाईट विचारते.

"धक्क्यावर चिठ्ठीवाल्यांना जहाजात घेत होते," भावोजी म्हणाले. "मला ते तिथे गेल्यावर दिसलं. तेव्हा परत जायला... हुकूम नव्हता."

आकांक्षाच्या जिभेला विश्रांती मागितली होती ती लगेच मिळाली असावी. मग तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "आजोबा, पत्र त्याच्याकडे जाणारच नाही. आपण इथूनच अर्जाला जोडतो. त्याच्या फोनवर फक्त कोड येणार, सहा आकडे. तो आपल्याला वाचून दाखवेल आणि पुसून टाकेल. कागद इथे, तुमच्या खिशात."

"नक्की?"

"तुमच्यासमोर करते."

"मग हे आधी का नाही सांगितलंत, गाढवांनो?" भावोजी ओरडले आणि आत आले. मी कशीबशी दारामागून पाटावर येऊन बसले.

"कुठे आहे ते पत्र?"

हितूने मोबाईल पुढे केला. भावोजींनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. "हे काय लिहिलंय? 'सदर इसमाने तळावर भाषांतरकार म्हणून...' काढ ते. तळ काढ, अमेरिका काढ. तो माझा मित्र आहे असं लिही. आणि पत्ता हा नको. भोईवाड्याचा घाल. माझा."

"काका?"

"दोन खोल्या आहेत. एकीत मी झोपतो, दुसरीत माझ्या ट्रंका. ट्रंकांना सर्व्हेची भीती नाही. मालकी माझी, पावतीबिवतीचं काम नाही. मूर्ख एजंट तुझा."

रमाकांत उठून उभा राहिला. त्याच्या तोंडावर काय होतं ते सांगणं कठीण. वाचल्यासारखं होतं, आणि लाज वाटल्यासारखंही. "काका, तुम्हाला एकट्याला तिघांचं... जेवणखाण कोण बघणार?"

"तुझा भाऊ तीन हजार माणसांना जेवू घालत होता. आता तीन."

हितू मोबाईलवर पत्र बदलायला लागला. अक्षरं चुकत होती. रमाकांत त्याच्या खांद्यावरून बघत होता. पहिली ओळ बघितली, सोसली. दुसरी बघितली. तिसऱ्या ओळीला त्याला राहवलं नाही.

"असं पत्र लिहितात? विषय नाही, संदर्भ नाही, 'महोदय' नाही? कोण देईल याला व्हिसा? आण इकडे. आकांक्षा, कोरा कागद."

चेअरमन आहे तो. बारा वर्षं अर्ज लिहितोय. वाईट अर्ज त्याला डोळ्यांनी बघवत नाही. पाटावर कागद ठेवून, गणपतीच्या उजेडात, त्याने सुंदर इंग्रजीत एक पान लिहिलं. भावोजींनी खाली सही केली, नंबर लिहिला, रँक लिहिली, पलटणीचं नाव लिहिलं.

पाच वाजून दहा मिनिटं.

आकांक्षाने फोटो काढला, चढवला. गोल गोल फिरत राहिलं. हितूने नूरआगाला फोन लावला. लागला नाही. परत लावला. लागला नाही. मेघनाने आपला फोन काढून त्याच्या बायकोला लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"कोड! भाभी, कोड बोलो!" हितू ओरडला.

पलीकडून नूरआगाने आकडे सांगितले. चार सांगितले आणि आवाज तुटला. मग परत आला. "हितू भाई, तीन... आठ..."

"तीन आठ की आठ तीन?"

"पहले तीन!"

आकांक्षाने दाबलं. आम्ही सगळे त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत होतो. बाप्पाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्यालाही तिकडेच बघायला लागलं असेल. मग एक ओळ आली, अर्ज मिळाला म्हणून. एवढंच. व्हिसा नाही, हो नाही, नाही नाही. अर्ज मिळाला.

भावोजींनी फोन हातात मागितला. फौजी हिंदीत बोलले. "नूरआगा? सुनो. मैं हितू का काका. सूबेदार गुणाजी. कोड मिटा दो. ये फोन का नंबर भी मिटा दो, याद रखो, लिखो मत. समझा?"

"जी, काका साहब."

"और सामान कम लाना. इधर गर्मी है."

पलीकडे कुणीतरी हसलं की रडलं, लाईन खराब होती, सांगता येत नाही. मग फोन गेला.

"साडेपाच!" रमाकांत किंचाळला. "पाच वाजून अठ्ठावीस! चला! कोण धरतंय? हितू, पाट धर! आई, तू आता एक शब्द बोलू नकोस!"

मी बोलले नाही. जिने उतरताना रमाकांतच बोलत होता. गणपती छातीशी धरलेला आणि तोंडाने चालू, की भोईवाड्याला पाण्याची वेळ सकाळची आहे, मुलीला शाळेत घालायचं तर कागद काय लागतील, काकांकडे ट्रंका किती आहेत आणि त्या कुठे हलवायच्या. मधूनच मागे वळून "हा मूर्खपणा आहे, मी आत्ताच सांगतो," असंही म्हणत होता. मेघना हितूच्या पुढे दोन पायऱ्या चालत होती आणि त्याला ओलांडू देत नव्हती. तलावावरच्या पोराने वेळ बघितली, आमच्याकडे बघितलं, आणि आत सोडलं.

आता. शप्पथ डोळ्यांची होती, आणि मला अजून बघायचंय पुष्कळ, म्हणून एक कबूल करते. एवढं एकच मी पदरचं घातलं.

मी भावोजींच्या कानात काही सांगितलं नाही. मी त्यांच्या मागे नव्हतेच. रमाकांतच्या घाईत कापराची डबी हरवली होती, ती शोधत मी मोरीपाशी वाकले होते, आणि तिथून मी ते नाव ऐकलं. नूरआगा. बायको. मुलगी. भावोजी आपले आपणच म्हणाले. मग मान वळवून सगळ्यांदेखत माझ्यावर ढकललं, आणि मी हो म्हटलं. ओरडा मला खायची सवय आहे.

तलावावर शेवटच्या आरतीला ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, पाण्याकडे बघत, "कापूर मिळाला?"

"मिळाला," मी म्हटलं.